रक्ताभिसरणाची चालती मॉडेलं : नळ्या, फुगे आणि गळती

कोणी असलं काही करायच्या विचारात असेल तर माझ्या चुका तरी वाचतील म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतेय. काम असं: झुरळ, मासा, बेडूक आणि माणूस या चौघांचं रक्ताभिसरण दाखवणारी, खरंच पाणी फिरणारी चार मॉडेलं, एकेका फळीवर एक. भाची मदतीला आहे, म्हणजे निम्मा वेळ मदत आणि निम्मा वेळ प्रश्न.

५ जुलै

सामान जमवलं. ४ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी १० मीटर, २ मिमीची ३ मीटर, टी-जॉइंट, झिप टाय, सिलिकॉन, फुगे, दोन छोटे डीसी पंप, हवेच्या नळीवर लावतात ते नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सहा. डोक्यात चित्र पुस्तकातलंच होतं, माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाला तीन, आपल्याला चार, म्हणजे कप्पे वाढवत जायचं की झालं. मासा सगळ्यात सोपा म्हणून आधी मासा.

८ जुलै

पंप बाद. सबमर्सिबल पंप एकसारखं पाणी सोडत राहतो, ठोका नाही. टायमरने चालू-बंद करून बघितला तर बंद झाल्याक्षणी पाणी पंपातूनच मागे येतं, कारण आत नुसता पंखा आहे, अडवणारं काही नाही. वर दुसरा पंप कोरडा चालला आणि जळला. तीन संध्याकाळी गेल्या यात. हृदय म्हणजे पंप हे खरं, पण ते पिळणारं पंप आहे, फिरणारं नाही, हे आधी सुचायला हवं होतं.

आता बीपीच्या यंत्राला असतो तसला रबरी फुगा घेतलाय. त्याच्या आतली हवेची झडप काढून टाकायची, ती पाण्यात चालत नाही. हाताने दाबायचा. बघणाऱ्याला स्वतः दाबायला मिळतं ते वेगळंच.

१० जुलै

ते विकत आणलेले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पण पाण्यात अडकतात, उघडायलाच एवढा जोर लागतो की फुगा परत भरतच नाही. सहाच्या सहा बाजूला ठेवले.

घरी केलेली झडप मात्र पहिल्याच दिवशी चालली: पातळ रबरी हातमोज्याचं बोट ४ सेंमी कापायचं, दोन्ही टोकं उघडी ठेवायची, एक टोक नळीच्या तोंडावर झिप टायने बांधायचं आणि दुसरं टोक मोठ्या नळीच्या आत मोकळं लोंबू द्यायचं. पाणी पुढे जाताना बोट उघडतं, मागे यायला लागलं की चपटं होऊन मिटतं. खऱ्या हृदयातल्या झडपांचंही असंच आहे, त्या स्वतः जोर लावून उघडमीट करत नाहीत, दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकाने होते ती. हातमोजा जाड घेतलात तर मिटत नाही, सगळ्यात पातळ बघून घ्या.

१३ जुलै

आजची चूक मोठी आहे म्हणून सविस्तर.

कल्ले आणि शरीर, दोन्हीकडे केशवाहिन्यांचं, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांचं, जाळं दाखवायचं. आधी स्पंज कोंबला, तो रंगाने तुंबला. मग २ मिमीच्या नळ्यांचे जुडगे करायचे ठरवलं आणि हिशोब केला की २ मिमीच्या चार नळ्यांचं क्षेत्रफळ ४ मिमीच्या एका नळीएवढं होतं, म्हणजे चार पुरे. लावल्या. पाणी ठिबकतंय नुसतं! पुढे शरीराला तर काहीच पोचेना.

रात्री कळलं काय चुकलं. नळीतून किती पाणी वाहणार ते क्षेत्रफळावर जात नाही, व्यासाच्या चौथ्या घातावर जातं. व्यास निम्मा केला की तेवढ्याच दाबात, तेवढ्याच लांबीत प्रवाह सोळावा हिस्सा. म्हणजे चार बारीक नळ्या मिळून जाड नळीच्या पाव फक्त. सोळा हव्यात. मी १८ लावल्या, त्यासाठी २ मिमीची अजून ८ मीटर नळी लागली. खरी केशवाहिनी तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असते आणि तरी रक्त जातं, ते त्या अब्जावधी असतात आणि लांबीला अगदी तोकड्या असतात म्हणून.

जुडगा बसवायची युक्ती: १८ नळ्या एका रुंद नळीत घालायच्या आणि मधल्या फटी सिलिकॉनने भरायच्या. माझं सिलिकॉन पाच नळ्यांच्या तोंडात शिरलं. म्हणून नळ्या दोन्हीकडून २ सेंमी जास्त लांब ठेवा आणि सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर (एक अख्खा दिवस, घाई नको) टोकं ब्लेडने कापून टाका, तोंडं आपोआप मोकळी होतात.

१६ जुलै

मासा फिरला! पण प्रत्येक दाबाला कल्ल्याच्या जुडग्याचा जोड फटकन निघतो. तीनदा चिकटवला, तीनदा निघाला. जोड कच्चा आहे असं समजून झिप टाय वाढवत होते, पण गोची जोडात नव्हतीच, फुग्याचा दणका थेट कल्ल्यांवर बसत होता.

माशाच्या हृदयाची आकृती परत नीट बघितली. दोन कप्पे म्हणतो आपण, पण रक्त एकामागे एक अशा चार भागांतून जातं: आधी शिरांचं रक्त गोळा होणारी पिशवी, मग रक्त आत घेणारी कर्णिका, मग ते पुढे ढकलणारी जवनिका (नव्या पुस्तकात अलिंद आणि निलय म्हणतात), आणि पुढे कल्ल्यांच्या आधी एक फुगीर लवचिक भाग. हा शेवटचा भाग मी शोभेचा समजून गाळला होता. तोच दणका खाऊन घेतो, ठोक्याबरोबर फुगतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हळूहळू रिकामा होतो, कल्ले नाजूक असतात त्यांना एकसारखा प्रवाह मिळतो.

टी-जॉइंटवर छोटा फुगा बांधला. त्यानंतर जोड एकदाही निघाला नाही.

१९ जुलै

आता दाब मोजायचा. साधी गोष्ट, जिथे मोजायचंय तिथे टी लावून एक नळी उभी सोडायची, पाणी किती उंच चढतं ते पट्टीवर वाचायचं. १७३३ साली स्टीफन हेल्सने हेच घोडीच्या धमनीवर केल्याचं छापलंय, रक्त ८ फूट ३ इंच चढलं होतं. माझा मासा तेवढा दणकट नाही.

कल्ल्यांच्या आधी ७० सेंमी. कल्ल्यांच्या नंतर ४४. शरीराच्या जुडग्यानंतर ५.

हे आकडे लिहून ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. कल्ल्यांनीच २६ सेंमी खाल्ले. खऱ्या माशात हृदयाने दिलेल्या दाबाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कल्ल्यांत जातो, माझे कल्ले जरा जास्तच खादाड आहेत. पण मुद्दा तोच, रक्त एकाच फेरीत आधी कल्ल्यांतून आणि मग शरीरातून जातं, म्हणून शरीराला उरलासुरला दाब. आणि हृदयाचा जोर वाढवायचा म्हटलं तर आधी कल्ल्यांची वाट लागते. फळीवर "माशाचं हृदय: २ कप्पे" अशी पट्टी लावली होती ती काढली, तिथे हे तीन आकडे लिहिले. बाकीच्या फळ्यांवरही कप्पे नाही, दाबच लिहायचा असं ठरवलं.

बुडबुड्यांबद्दल: नळीत अडकलेला एक बुडबुडा सगळी वाचनं बिघडवतो, कारण तो दाबला जातो. पाणी उकळून थंड करून वापरा म्हणजे विरघळलेली हवा आधीच निघून जाते, आणि भरताना सगळ्यात खालच्या टोकाने भरा. हे कळायच्या आधीची दोन दिवसांची वाचनं फेकून दिली.

भाचीने पाण्यात रंग घालायला विसरलं म्हणून आरडाओरडा केला. मी म्हटलं, राहू दे, हा अंटार्क्टिकातला आइसफिश आहे. त्यांच्या रक्तात खरंच हिमोग्लोबिन नसतं, रक्त जवळजवळ पाण्यासारखं दिसतं, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो म्हणून भागतं त्यांचं. तिला पटलं नाही, "मावशी, तू विसरलीस."

२० जुलै

यादीत नसलेलं काम, पण मोह आवरला नाही. कल्ल्यांनंतर दाब पडतो तर तिथेच दुसरा फुगा लावला तर? लावला. शरीराच्या तोंडाशी ४४ चे ८१ सेंमी झाले, आणि कल्ल्यांवर एक सेंमीचाही जास्त भार नाही.

ऑक्टोपस हेच करतो. त्याला तीन हृदयं, दोन कल्ल्यांतून रक्त ढकलायला आणि कल्ल्यांतून आलेलं रक्त शरीराला पाठवायला तिसरं. रक्त निळं, कारण ऑक्सिजन वाहणाऱ्या रेणूत लोखंडाऐवजी तांबं. गंमत म्हणजे पोहताना ते तिसरं हृदय थांबतं, म्हणून तो शक्यतो सरपटतच जातो. फुगा तसाच ठेवलाय आणि बाजूने वळण नळी दिलीय, म्हणजे एकाच फळीवर मासा आणि ऑक्टोपस दोन्ही.

२६ जुलै

झुरळ. एका दिवसात उरकलं, जवळजवळ.

पारदर्शक चपटा डबा, त्याच्या झाकणाला आतून एक नळी लांबीभर चिकटवलेली, नळीला बाजूने भोकं. ही पाठीवरची हृदयनळी, झुरळात तिचे १३ कप्पे असतात. मागून पुढे पाणी ढकलायचं, डोक्याशी ते मोकळं सोडायचं, मग ते डब्यातून अवयवांभोवतून सावकाश मागे येतं आणि भोकांतून परत नळीत. धमन्या-शिरांचं बंद जाळं नाही, केशवाहिन्या नाहीत, अवयव रक्तातच बसलेले.

पहिल्यांदा फुगा दाबल्यावर सगळं पाणी भोकांतूनच बाहेर. भोकांना आतून रबराच्या पाकळ्या लावल्यावर थांबलं. दुसरी चूक, पाणी लाल केलं होतं. कीटकांचं रक्त लाल नसतं, फिकट पिवळसर-हिरवट किंवा रंगहीन, कारण बहुतेक कीटकांत ऑक्सिजन न्यायचं काम रक्ताकडे नाहीच, त्याला वेगळ्या हवेच्या नळ्या आहेत थेट पेशींपर्यंत. म्हणून सगळं संथ चाललं तरी बिघडत नाही. रंगाचा थेंब टाकून वेळ लावली: माशाच्या फळीवर तो ११ सेकंदांत परत आला, इथे दीड मिनिट.

मिशा म्हणून पुढे दोन बारीक नळ्या लावल्या होत्या, त्यात रंग शिरलाच नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, पण खऱ्या झुरळातही मिशांच्या बुडाशी वेगळा छोटा पंप असतो, मुख्य हृदयाच्या जोरावर तिथवर पोचत नाही. सिरिंज लावून दिली.

उघडं अभिसरण म्हणजे दाब नाहीच असं मात्र फळीवर लिहू नका, मी लिहिलं होतं आणि पुसलं. कोळ्याचंही उघडंच, पण तो पाय लांब करतो ते रक्ताच्या दाबाने, पायाच्या मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नाहीत त्याला. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले दिसतात ते त्यामुळेच.

२ ऑगस्ट

बेडूक, दिवस पहिला. मऊ प्लास्टिकची बाटली ही एकुलती एक जवनिका, वर दोन छोटे फुगे या कर्णिका, डावीत फुफ्फुसाकडून लाल पाणी, उजवीत शरीराकडून निळं. दोन मिनिटांत सगळं जांभळं.

मिसळणार हे माहीत होतं, पण माझा घोळ वेगळाच होता. लाल पाणी शरीरातून फिरून निळं होऊन थोडंच येणार आहे! बंद फेरीत एकदा जांभळं झालं की कायमचं जांभळं. हे उघड आहे, तरी तीन तास कुठे गळतंय ते शोधत होते. आता लाल टाकी, निळी टाकी वेगळी, आणि बाहेर पडणारं पाणी दोन ग्लासांत, एक फुफ्फुस-त्वचेचा आणि एक शरीराचा. एकदा वापरलेलं पाणी बादलीत.

३ ऑगस्ट

दोन्ही ग्लास अगदी सारखे जांभळे. पण खऱ्या बेडकात रक्त इतकं मिसळत नाही, जवनिकेच्या आत स्नायूंच्या दोऱ्यांचं जाळं असतं आणि बाहेर पडायच्या वाटेत एक पिळाची झडप.

निळ्या पाण्यात मीठ घालून बघितलं, जड पाणी खाली बसलं, दोन रंग छान वेगळे, भाची खूश. पण ही लबाडी झाली, बेडकाच्या हृदयात असं काही होत नाही. ओतून दिलं.

९ ऑगस्ट

बाटलीत नायलॉनची घासणीची जाळी भरली. फरक पडला! एक ग्लास लालसर जांभळा, दुसरा निळसर जांभळा. पूर्ण वेगळं नाही, पण दिसण्याइतकं. पिळाची झडप प्लास्टिकच्या पट्टीची केली, दोनदा फाटली, सोडून दिली. नाही जमलं.

शिवाय आणखी एक चूक निघाली. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि त्वचेतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त डावीकडे नाही, शरीराच्या शिरांबरोबर उजव्या कर्णिकेत येतं. म्हणजे माझी उजवी बाजू शुद्ध निळी दाखवणं चुकीचं. त्वचेची फांदी परत जोडली, निळ्या टाकीच्या नळीत टी टाकून थोडं लाल सोडलं. अख्खी संध्याकाळ गेली.

१० ऑगस्ट

आज बेडकाबद्दलचं माझं मतच बदललं.

रंग बाजूला ठेवून सगळ्या नळ्या परत बंद फेरीत जोडल्या आणि भाची म्हणाली, बेडूक पाण्याखाली गेला की फुफ्फुसाचं काय? फुफ्फुसाच्या नळीला चिमटा लावला. काहीच बिघडलं नाही. ते पाणी त्वचेकडे आणि शरीराकडे वळलं, बाटली तशीच चालू. उभ्या नळीत पाणी ६ सेंमी वर गेलं, बस. एकच जवनिका म्हणजे अर्धवट राहिलेलं हृदय असं मी इतकी वर्षं समजत होते, पण ज्याला तासन् तास फुफ्फुस बंद ठेवायचंय त्याला हीच रचना सोयीची.

१७ ऑगस्ट

माणूस. दोन रबरी फुगे, दोन जुडगे. आधी वाटलं दोन वेगळी वर्तुळं आहेत, फळीवर मांडल्यावर दिसलं की वर्तुळ एकच आहे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, उजवा फुगा ते फुफ्फुस ते डावा फुगा ते शरीर ते परत उजवा. त्यामुळे रंग वापरायचा प्रश्नच नाही, नळ्यांवरच लाल-निळी टेप गुंडाळली. पाणी मात्र बेडकाचं उरलेलं जांभळंच भरलं, वाया कशाला घालवा. (पुढे वाचा.)

डाव्या बाजूला उभी नळी केवढी लागली! आपला वरचा दाब १२० मिमी पारा, तो पाण्यात १६३ सेंमी होतो, भिंतीवर नळी ठोकावी लागली. फुफ्फुसाकडे वरचा दाब २५ च्या आसपास, म्हणजे ३४ सेंमी. फळीवर हा फरक जवळ जवळ बघितला की चार कप्पे कशाला ते वेगळं सांगावं लागत नाही, एवढ्या दाबाचं रक्त फुफ्फुसाच्या पातळ पडद्यात सोडलं तर पाणी झिरपून फुफ्फुसच भरेल. जिराफाचा दाब आपल्या दुपटीच्या जवळ असतो, माझ्या घराचं छत त्याला पुरणार नाही.

१८ ऑगस्ट

पाच मिनिटं चालवलं की डावा फुगा चपटा आणि फुफ्फुसाची बाजू तट्ट फुगलेली. कारण मी उजवा फुगा डाव्यापेक्षा किंचित जास्त दाबत होते. ठोक्याला १ मिली फरक धरा, ७० ठोक्यांत ७० मिली इकडचं तिकडे, वर्तुळ एकच असल्यामुळे ते कुठेतरी साचणारच. खऱ्या हृदयात कप्पा जास्त भरला की तो आपोआप जास्त जोराने आकुंचन पावतो, त्यामुळे दोन्ही बाजू जुळत राहतात.

माझा उपाय: प्रत्येक फुग्याच्या आधी थोडी उंचावर एक मऊ पिशवी, आणि फुगा प्रत्येक वेळी पूर्ण पिळायचा. पिशवीत जास्त पाणी असेल तर फुगा जास्त भरतो, मग पुढे जास्त जातं. २० मिनिटं चाललं, पातळी टिकली.

२३ ऑगस्ट

बेडकाला केलं ते माणसाला करून बघायचं होतं. फुफ्फुसाच्या नळीला चिमटा लावला आणि भाचीला सांगितलं, दाब.

चार ठोक्यांत डावी बाजू रिकामी, भिंतीवरची पातळी सरसर खाली, आणि सहाव्याला फुफ्फुसाच्या धमनीवरचा फुगा फुटला. जांभळं पाणी भिंतीवर, फळीवर, भाचीच्या फ्रॉकवर, आणि बेडकाच्या फळीचे कागदी फलक भिजून गेले. दोन तास पुसण्यात. भिंतीवरचा डाग अजून आहे. जांभळं पाणी भरू नका.

३० ऑगस्ट

फुटलेली बाजू दुरुस्त करताना मगरीसारखी एक जादा नळी बसवली. मगरीला चार कप्पे, पण शरीराकडे जाणाऱ्या दोन महाधमन्यांपैकी डावी उजव्या जवनिकेतून निघते, आणि दोन्ही महाधमन्यांच्या मुळाशी एक छिद्र आहे, पॅनिझाचं छिद्र म्हणतात. फुफ्फुसाकडची वाट आवळली गेली की रक्त त्या डाव्या वाटेने शरीराकडे जातं. मी उजव्या फुग्यानंतर टी टाकून एक नळी थेट शरीराच्या जुडग्याकडे नेली, मध्ये झडप आणि चिमटा. आपल्यालाही जन्माआधी अशा आडवाटा असतातच, फुफ्फुसात हवा नसते तोवर रक्त त्यांना बरंचसं वळसा घालून जातं, जन्मानंतर त्या बुजतात.

फुफ्फुसाचा चिमटा लावला, मगरीचा सोडला. भाची लांब उभी राहिली. दहा ठोके, वीस, चाळीस. फुगा शाबूत.

३१ ऑगस्ट

एकूण गेलेलं सामान: जाड नळी १४ मीटर, बारीक ३८ मीटर, फुगे ११, हातमोज्यांच्या ४ जोड्या, झिप टाय मोजले नाहीत, पंप १ जळाला १ पडून. वेळ ७० तासांच्या आसपास, त्यातले निदान २५ गळती शोधण्यात. परत करायचं झालं तर उभ्या नळ्या पहिल्याच दिवशी लावेन, त्या लावल्यावर चूक कुठे आहे ते दिसतं, त्याआधी नुसते अंदाज चालतात.

पाणी आठवड्याने बदला, चिकट होतं आणि सगळ्यात आधी बारीक नळ्याच तुंबतात. मगरीच्या टी-जवळ अजून मिनिटाला एक थेंब पडतोय, खाली वाटी ठेवलीय.